निवळलेला तलाव

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती गेले आणि चिमातलावावर साय धरली. हिरवीगार, जाड, कडेला बोट बुडवलं तर रंग काढायला साबण लागतो. काठच्या ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे इथे छत्तीसगढात मोहल्ला) सगळे तिला काई म्हणतात, पेपरवाले शेवाळ म्हणतात. खरं तर ते नीलहरित सूक्ष्मजीव. झाडांसारखे उन्हावर जगतात, आणि त्यांतले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात. ते थेट यकृतावर जातं. गेली तीन वर्षं मी एकच प्रश्न धरून बसले आहे: हे जीव कोणत्या परिस्थितीत जास्त विष करतात? उकाडा, ऊन, पडलेला वारा, नाल्यातून येणारं नत्र आणि स्फुरद, वर भाविकांनी माशांना घातलेले कणकेचे गोळे. एवढं सगळं मोजून हाती लागलं ते इतकंच, की तलाव सर्वांत हिरवा असतो तेव्हाच सर्वांत विषारी असतो असं नाही. रंगावर जाऊ नये. हे मला कोणी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पोरं हिंदीत विचारतात, मी हिंदीत सांगते. आई होती तोवर तात्यापाऱ्यातल्या ह्या दोन खोल्यांत संध्याकाळी मराठी कानावर पडायचं. आता ते ह्या पानांवरच.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभरात कोणाशी एक शब्द बोलले नाही.

म्हणजे सकाळी नमुने घ्यायला गेले तेव्हा ती दातूनवाली मीराबाई होती, पण ती धरायची नाही. घाटावर बाभळीच्या, कडुनिंबाच्या काड्या विकते आणि मी बाटल्या भरत असले की शेजारी येऊन बसते. तोंडाला विसावा नाही. मला 'नोनी' म्हणते. छत्तीसगढीत नोनी म्हणजे पोरगी. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला! आज विचारलं, "तोर घर म कोन-कोन हे, नोनी?" कोणी नाही म्हटलं. तर म्हणे, "अकेल्ला बर भात कइसे चुरथे?" एकटीपुरता भात शिजतो तरी कसा, असं. कुकरात शिजतो म्हटलं. हसतच सुटली. मग तिची जुनी कावीळ, त्यानंतर जपून खावं लागतं ते, सून सोनिया पहाटे उठत नाही ते, नातवाला आलेला दात, सगळं सांगून झालं. मी हूं हूं करत राहिले.

असो. एकूण मुका दिवस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज घाटावर सौमित्रजी भेटले. ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं औषधांचं दुकान आहे, घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, आणि तलाव समितीचे ते सचिव. माझं नाव ऐकलं आणि एकदम मराठीत सुरू झाले. "अरे, तुम्ही तर आपल्यातल्या निघाल्या! तीन साल झाले तुम्ही इथं पाणी भरून राहिल्या, अन् आमाले वाटे कोणी सरकारी बाई आहे."

'आपल्यातल्या' हा शब्द घरी येईपर्यंत घोळवत होते. मंगळवारी त्यांच्याकडे समितीची बैठक आहे, तज्ज्ञ म्हणून मी यावं म्हणतात. मला असल्या गोष्टींचं अप्रूप नाही. निळी साडी इस्त्रीला टाकली, ती तशीही टाकायचीच होती.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सात-आठ जण होते, सगळे मराठी. तर्री-पोहे, मग चहा. सौमित्रजींच्या पत्नी मंदाकिनीवहिनी सारख्या "घ्या न जी ज्ञानदाताई" करत होत्या. ताई!

विषय काईचा. मी सांगितलं, खरा उपाय एकच, नाल्याचं पाणी अडवा, कणीक आणि मूर्ती थांबवा, दोन-तीन वर्षांत फरक दिसेल. सौमित्रजी म्हणाले, "ते तर करूच. पण दिवाळीच्या पहिले काही होते का? मोरचूद टाकतात म्हणे. तुम्ही बस प्रमाण सांगा, बाकी आमी पाहून घेतो."

मी धोका लपवला नाही. विष पेशीच्या आत बंद असतं. मोरचुदाने पेशी मरते, फुटते आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. पाणी दिसायला आरसा, पण तेव्हाच सर्वांत वाईट. मग ऊन आणि पाण्यातले जिवाणू ते हळूहळू संपवतात, त्यांना तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तोवर पाण्यात कोणी उतरता कामा नये.

"ह्या काईत उतरते कोण?" एक जण म्हणाला. खरंच होतं. काई आल्यापासून बायका घरी नळावरच नहातात. गर्दी होते ती कार्तिकस्नानाला. सगळ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कार्तिक लागतो दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे बावीस ऑक्टोबर. जवळजवळ महिना हातात आहे. घाटाला दोर बांधायचा, पाटी लावायची. माना डोलल्या.

प्रमाण मी तिथेच सांगितलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणा हवं तर, पण माझा हिशेब चोख आहे. निघताना वहिनींनी डब्यात पोहे भरून दिले. रात्री तेच खाल्ले, गरम न करता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मोरचूद पडलं. पोत्यांत बांधून नावेमागून तलावभर फिरवलं, मागे निळी रेघ उमटत होती. मी काठावर उभी राहून सूचना दिल्या. सौमित्रजींनी फोटो काढले.

मीराबाई आपल्या काड्या मांडून बघत होती. म्हणाली, "त पुन्नी तक पानी फरियर हो जाही न, नोनी? पुन्नी के बिहान ले कातिक नहाबो।" फरियर म्हणजे स्वच्छ, आणि पुन्नी म्हणजे पौर्णिमा. पौर्णिमेच्या सकाळपासून ह्या कार्तिक नहाणार! मी समजावलं की ती कोजागरी, ती आश्विनात येते, कार्तिक दिवाळीनंतर. बिचारीचं पंचांगच गडबडलेलं आहे. वाद घातला नाही तिने. "होही. तैं पढ़े-लिखे हस।" असेल, तू शिकलेली. मग म्हणे पुन्नीला घरी ये, चांदण्यात ठेवलेली खीर खायला. बघू म्हटलं. मला कुठे वेळ.

३० सप्टेंबर, मंगळवार

काई तपकिरी होऊन काठाला लागली. वास असा की नाकाला पदर लावून बाटल्या भरल्या. नमुने घरच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. तपासणीचा किट कॉलेजात आहे आणि कॉलेज दसऱ्याच्या सुटीत. सहा तारखेला उघडेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तलाव निवळला. घाटाच्या पाण्यातल्या पायऱ्या दिसतात, त्यांवरचे जुने नक्षीचे दगडसुद्धा. मी ह्या पायऱ्या कधी पाहिल्याच नव्हत्या. पेपरात फोटो आला, 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली' असं हिंदीत. खाली माझं नाव, आडनाव चुकीचं. पुण्याला श्रेयसला पाठवला. भाऊरायांनी अंगठा पाठवला.

फोटोसाठी दोर काढला होता तो परत बांधलेला दिसला नाही. पाटीही काठावर पालथी पडली आहे. सौमित्रजींना सांगायला हवं. घाई नाही, बरेच दिवस आहेत.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी किट लावला. आकडे पाहून दुसऱ्यांदा लावला.

मोरचुदाच्या आधी पाणी गाळलं की विष गाळणीवर राहायचं, खालच्या पाण्यात नावालाच. आता गाळणी रिकामी आणि सगळं खालच्या पाण्यात. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. अपेक्षेबाहेर काही घडलेलं नाही, मीच सांगितलं होतं ते घडलं.  ठरवलं, आज संध्याकाळी सगळे भेटतीलच, दोर पुन्हा बांधायला लावायचा आणि पहारा बसवायचा.

कारण आज कोजागरी. सौमित्रजींच्या गच्चीवर दूध होतं. केशर, चारोळी, पितळी पातेलं, वर चंद्र. पोट्टे-पोट्टी हिंदीत भांडत होते, म्हातारे जुन्या नागपूरच्या गोष्टी काढत होते. मी आकडे मनात घोळवत सौमित्रजी मोकळे व्हायची वाट पाहत होते. तेवढ्यात वहिनी निरांजन घेऊन आल्या. आश्विनी करायची होती, घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळायचं. त्यांच्या मुलाला ओवाळून झालं आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरात थोरल्या न? मंग बसा. तुमाले कोण ओवाळणार तिथं एकटीले?"

बसले. कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता. आई गेल्यानंतर ही पहिली आश्विनी. सगळे बघत होते आणि मला रडू आवरेना. त्यानंतर कोणत्या तोंडाने म्हणायचं, तुमच्या तलावात विष आहे? दुधाचा पेला हातात होता, सौमित्रजी हसत होते. अजून पंधरा दिवस आहेत. एका रात्रीने काय होतं? उद्या सांगते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

उशिरा उठले. उशीला कुंकवाचा डाग. पहाटे केव्हातरी गल्लीतून बायका गाणी म्हणत गेल्या, झोपेत फार गोड वाटलं. सौमित्रजींना फोन करायचा आहे. दुकानात गर्दी असेल, उद्या निवांत करते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी नमुने घ्यायला गेले. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या. काठाला झेंडू, विझलेले दिवे, दुर्वा. एक बाई लुगडं पिळत होती. तिला विचारलं, हे काय? "कातिक नहाथन, मैडम। तीन दिन होगे।" आंघोळ करून तीन आचमनं, मग लोटाभर पाणी महादेवाला आणि त्यातलं उरलेलं तीर्थ म्हणून पोटात. मीराबाईची काड्यांची जागा रिकामी होती. "ओला काली ले उल्टी होवत हे।" तिला कालपासून उलट्या होताहेत.

मी ओल्या पायरीवरच बसले. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा कार्तिक पंधरवडाभर आधी लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं ह्या गावात काढली आहेत. पण त्या बैठकीत सगळे आपलेच होते, आणि आपल्यांत बसल्यावर आपलंच कॅलेंडर खरं वाटलं. जिने तोंडावर सांगितलं तिला मी शिकवून परत पाठवलं.

धावत दुकानात गेले. सौमित्रजींना कार्तिकाचं सांगितलं. "अरे हो... त्यांचा पहिले लागते." मग गिऱ्हाइकाकडे पाहत हळूच, "मॅडम, गवगवा नका करू. लोकं खूश हून राहिले. दोन-चार घोटांनं काही होत नाही. मी बांधतो दोर."

"मीराबाईले उलट्या होऊन राहिल्या," मी म्हटलं.

"काही शिळंपाकं खाल्लं असंल म्हातारीनं. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

मला त्यांचं म्हणणं खरं मानायचं होतं. किती मानायचं होतं ते इथे लिहायलाही लाज वाटते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दोर बांधला नाही. बायका आजही उतरल्या.

मीराबाई समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात आहे. सोनिया बाहेर बाकावर बसली होती, कडेवर तो दात आलेला नातू. मीराबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे. मला ओळखलं, बोलायची ताकद नव्हती. तिला न बोलता मी आजच पाहिलं.

डॉक्टर तरुण आहे, शिशिर नाव. बाहेरचं काही खाल्लं असेल, म्हणाला. हो म्हणून निघून आले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. काय टाकलं, कधी टाकलं, पाण्यात किती उतरलं. प्रमाण कोणी सांगितलं तेही. त्याने माझं ऐकून औषधं बदलली, नव्याने रक्त काढलं. जुन्या काविळीचं यकृत आहे, म्हणाला, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही.

बाहेर आले तर सोनियाने मला बसायला बाकावर जागा करून दिली. तिला अजून काही माहीत नव्हतं. मी उभीच राहिले.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे अंधारात जाऊन घाटावर उभी राहिले. बायका दिवे घेऊन आल्या, पंधरा-वीस असतील. उतरू नका म्हटलं, पाण्यात विष आहे. त्या हसल्या. "पानी तो फरियर हे, मैडम। जब हरियर रहिस तब तो तैं खुद हाथ डारस।" हिरवं होतं तेव्हा तूच हात घालायचीस की. काय चूक होतं त्यांचं? तीन वर्षांचं संशोधन त्या पायरीवर मला एका वाक्यात सांगता येईना.

मग ते बाजूला ठेवलं. म्हटलं, नीला थोथा, म्हणजे मोरचूद, समितीने टाकला, किती टाकायचा ते मी सांगितलं, आणि त्यानेच मीराबाई दवाखान्यात आहे.

गाणं थांबलं. एक जण पुढे आली. "तोला कब पता चलिस?"

"पुन्नीच्या दुपारी."

"त ओ संझा काबर नइ बताए?"

त्या संध्याकाळी का नाही सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, किट पुन्हा तपासत होते वगैरे. मी म्हटलं, "मला दुधाला बोलावलं होतं. बऱ्याच वर्षांनी कोणी बोलावलं होतं."

मराठीत बोलले की हिंदीत, आठवत नाही. त्यांना कळलं एवढं खरं. एक बाई थुंकली, माझ्या अंगावर नाही, बाजूला. मग दिवे उचलून सगळ्या रांगेने पलीकडच्या पाऱ्यातल्या तलावाकडे निघून गेल्या. मागे कोणी पाहिलं नाही.

घाट रिकामा झाला. हेच तर करायला आले होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून मला काढलं. सौमित्रजींनी पेपरवाल्याला सांगितलं की समितीने बाहेरच्या तज्ज्ञावर विश्वास ठेवला. गरज सरो, वैद्य मरो. महिन्याभरात आपल्यातलीची बाहेरची झाले. मंदाकिनीवहिनी तात्यापाऱ्यातल्या भाजीवालीकडे दिसल्या, गवार निवडण्यात फार गढल्या होत्या.

चांगली बातमी एकच, मीराबाई उठून बसली. कालपासून पेज पोटात ठरते आहे. सोनियाला सगळं कळलं आहे. आज तिने जागा केली नाही, पण मला जायलाही सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. माझा कार्तिक आज लागला.

पाण्यातलं विष निम्म्याहून खाली आलं आहे. ऊन आणि जिवाणू आपलं काम करताहेत, त्यांना कोणाच्या कॅलेंडरशी देणंघेणं नाही. घाटावर चिटपाखरू नाही. घरी येऊन एकटीपुरते पोहे केले, तर्रीशिवाय. फोन एकदाच वाजला, तोही गॅसवाल्याचा.

३ नोव्हेंबर, सोमवार

पाण्यात आता विष जवळजवळ सापडत नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी पाहिलं.

ही बातमी सांगायला कोणी आहे का, ह्याचा विचार करत बसले होते, आणि उठून मीराबाईच्या घरी गेले. पहिल्यांदाच. ती दारात बाजेवर बसली होती, अर्धी झाली आहे. मी सांगितलं, बुधवारच्या पुन्नीला चिमातलावात नहायला हरकत नाही. ती ऐकत होती. मग मी माफी मागितली.  "मैं मर जातेंव, नोनी," एवढंच म्हणाली. मेलेच असते मी. मी मान हलवली. चहा कोणी विचारला नाही, आणि मी तरी कशाला थांबले होते?

५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिक पौर्णिमा

पहाटे गेले. वाटलं होतं कोणी येणार नाही. सगळ्या आल्या होत्या. सोनियाच्या खांद्यावर हात ठेवून मीराबाईसुद्धा. पाण्यापासून हातभर दूर पायऱ्यांवर ओळीने उभ्या, हातात दिवे, पण पाय कोणी बुडवला नव्हता. मी आकडे सांगायला तोंड उघडलं. त्या दिवशी विचारणारी तीच बाई म्हणाली, "पहिली तैं।"

आधी तू.

तीन वर्षांत ह्या पाण्यात माझा हात मनगटापर्यंत गेला होता, तोही हातमोजा घालून. चप्पल काढली. पहिल्या पायरीलाच थंडी हाडांत शिरली. शेवाळलेल्या दगडांवरून चाचपडत उतरले, गुडघे, कंबर, छाती. निळी साडी फुगून वर आली. एवढ्या मोठ्या तलावात मी एकटीच. मागे वळले तर वर सगळे दिवे आणि एकाही बाईचा चेहरा दिसेना. ओंजळ भरली. आकडे मला पाठ होते, तरी पुन्हा एकदा मनात म्हटले. मग तीन आचमनं केली, थेंबही न सांडता. डोकं बुडवून वर आले.

कोणी उतरलं नाही. त्या बघत होत्या, मला काय होतं ते. बरोबरच आहे, थांबून बघायला मीच शिकवलं त्यांना. किती वेळ गेला कोण जाणे. दात वाजायला लागले, मी तशीच उभी.

तेव्हा वरून मीराबाईचा आवाज आला, बारीक, दुखण्यातून उठलेला. "अब निकल आ, नोनी। जाड़ लग जाही।"

बाहेर ये, थंडी लागेल. मी ऐकलं. आणि तिथेच थांबले अजून थोडा वेळ, ती परत म्हणेल म्हणून.